प्रेक्षकांना सोबत गायला लावून पोट धरून हसवणारं एखादं लोकगीत तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंय का?

ऐकलंय. त्यात माझी आजी, माझ्या आईच्या शेजारी बसून, 'सासूला लवकर निर्दाळ' असं देवीला टाळ्या वाजवत सांगत होती. आई तिची सून, हे वेगळं सांगायला नको.

गाणं म्हणजे संत एकनाथांचं भारूड, 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला'. सोळाव्या शतकातलं. सासरच्या जाचाला कंटाळलेली एक बाई देवीला नवस बोलते आणि घरातल्या एकेकाला वाटेला लावायला सांगते, एवढीच गोष्ट. आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. नव्वदच्या दशकातला श्रावण आणि देवळात भजनी सप्ताह. आमच्याकडे घरात कोंकणी, पण भजन, कीर्तन, जत्रेतलं नाटक हे सगळं मराठीत, त्यामुळे पंढरपूरकडचा भारूडकार आला तरी कुणाला काही परकं वाटत नाही. रात्रीच्या पाळीला माणसं पेंगायची म्हणून समितीने त्याला बोलावला होता.

पन्नाशीचा गडी, नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, आणि मिशा मात्र जशाच्या तशा. आला तोच रडत. बायकांच्या घोळक्यात जाऊन बसला आणि पदराने नाक पुसत म्हणाला, "काय सांगू बायांनो, एका घरात सात वैरी!" मग उठून ध्रुपद वाटून दिलं. 'सत्वर पाव गे मला' बायकांनी म्हणायचं, 'रोडगा वाहीन तुला' पुरुषांनी. पुरुष नेहमीप्रमाणे खांबांना टेकून गप्प. तेव्हा तो म्हणाला, "रोडगा गव्हाचा असतो, गोवऱ्यांवर भाजतात. तुमच्यात नसेल तर उंडो वाहा, पण तोंड उघडा!" उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, सकाळच्या चहाला त्याने तो खाल्ला असणार. तिथून पुढे निम्मे पुरुष 'उंडो वाहीन तुला' असंच म्हणत होते.

'सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.' ओळ म्हणून तो थांबला आणि विचारलं, "इथं सासरा कोण कोण आहे?" सगळी बोटं समितीच्या अध्यक्षांकडे. त्यांच्या तिन्ही सुना समोरच बसलेल्या. अध्यक्षांनी हसत हात जोडले, त्याने मृदंगवाल्याला खूण केली आणि ती ओळ थेट त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा म्हटली. मागून अख्ख्या सभामंडपाचं 'रोडगा वाहीन तुला'. मग सासूची पाळी. मला वाटलं होतं, आता म्हाताऱ्या बायका गप्प बसतील. उलट त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा! कारण उघड आहे. प्रत्येक सासूला गाताना स्वतःची सासू आठवत होती. आजीची सासू मला कळायला लागण्याआधीच गेलेली, पण हिशेब बाकी होता.

एक गोष्ट मला त्या वेळी कळली नव्हती. जावेच्या कडव्यात तो 'जाऊ माझी फडफड बोलती, मुकी कर गं तिला' असं म्हणाला होता. पुढे कॉलेजात छापील भारूड वाचलं तर तिथे 'बोडकी कर गं तिला', म्हणजे तिला विधवा कर, असं आहे. पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातल्या तीन-चार म्हाताऱ्या होत्या. त्याने येताना ते पाहिलं असणार आणि शब्द बदलला. चाल तीच, हसू तेवढंच. याला मी कला म्हणतो. मिशा ठेवून लुगडं नेसणं कुणालाही जमेल.

नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, या ओळीला त्याने ठेक्यावर खाजवायला सुरुवात केली. आधी आम्ही पोरं, मग टाळकरी, मग पेटीवाला एका हाताने. कडवं संपेपर्यंत सगळा मंडप तालात अंग खाजवत होता, आमचे हेडमास्तरसुद्धा. आणि शेवटी दादला. 'दादला मारून आहुती देईन, मोकळी कर गे मला.' आता गंमत बघा, वाटणीप्रमाणे त्यावर नवसाची ओळ पुरुषांनी म्हणायची! स्वतःच्या बळीचा नवस नवरे खड्या आवाजात बोलत होते. कडेला उभ्या बायकांनी तोवर फुगडीतलं 'फू, फू' सुरू केलेलं. त्यांना हे शिकवावं लागलं नाही. धालो या आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याच्या आणि फुगडीच्या गाण्यांत सासू-नणंदेचा उद्धार त्या लहानपणापासून करत आलेल्या.

'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला' इथे त्याने हसणं थांबवून निरूपण केलं. सासरा म्हणजे अहंकार, सासू म्हणजे कल्पना, वगैरे. प्रत्येक कीर्तनकार हे अर्थ आपापल्या परीने लावतो. खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं, पोट दुखत होतं. लोक 'आनीक एक फावट!', म्हणजे आणखी एकदा, म्हणून ओरडायला लागले तर तो म्हणाला, "सासूला दोनदा कशी मारू? मेलेली उठून बसेल!" आणि 'विंचू चावला' सुरू केलं.

'विंचू चावला' शाहीर साबळ्यांच्या आवाजात आजही रेकॉर्डवर ऐकावं, मजा कमी होत नाही. ती एकट्या माणसाची कळ आहे, ती आवाजातून पोचते. रोडग्याचं तसं नाही. यूट्यूबवर बऱ्याच जणांचं ऐकलं, चांगले गातात, पण ज्याला मारायचं तो समोर बसलेला नसतो आणि 'तिकडेच खपवी' म्हटल्यावर कुणी हात जोडत नाही. म्हणून तुम्हाला लिंक देत नाही.

गोव्यात असाल तर आषाढी-कार्तिकीच्या सुमारास साखळीच्या विठ्ठलापूरला किंवा जवळच्या विठ्ठल मंदिरात कार्यक्रम विचारून ठेवा. भजन-कीर्तन मिळेल, भारूड असेलच असं नाही. असलं तर सासूबाईंना घेऊन जा. त्यांना पुढे बसवा, तुम्ही खांबाच्या मागे बसा.