दुसऱ्यांदा कोण बोलावतंय ते बघ

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी रागच आला, मग वाईट वाटलं, आता परत थोडा राग आहे, त्यामुळे हे पत्र त्याच हिशोबाने वाच. तुझं म्हणणं एवढंच ना, की क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोच्या तुमच्या गटात, चौघी मुली, दोघी कृष्णवर्णीय, एक मेक्सिकन घरातली आणि व्हायोलावर तू, मराठी. आणि त्या हॉलच्या मॅनेजरने काय वाजवणार हे एका शब्दाने न विचारता आधी फोटो मागितला. म्हणून आता तुला प्रश्न पडलाय की तुम्हाला वाजवायला बोलावलंय की पोस्टरवर दिसायला. म्हणून क्वार्टेट सोडून ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनच्या मागे लागायचं, कारण तिथे पडदा असतो आणि पडद्यामागून रंग दिसत नाही.

पोस्टरसाठीच बोलावलंय. झालं? आता पुढे बोलूया.

पहिलं बोलावणं कशामुळे येतं त्याचा इतका विचार करू नकोस गं. कोणाच्या ओळखीने येतं, कोणी आजारी पडलं म्हणून येतं, कोणाला ग्रँटच्या फॉर्ममध्ये डायव्हर्सिटीचा रकाना भरायचा असतो म्हणून येतं. इथे अमेरिकेत फेब्रुवारी म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथ आणि मार्च बायकांचा महिना, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तुमचा फोन वाजत राहणार आणि एप्रिल लागला की शांत. हे असलं बोलावणं म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, वाण घ्यायचं आणि घरी जायचं. ते घे. नाक मुरडू नकोस. पण खरं बोलावणं दुसरं. तोच हॉल, तोच मॅनेजर, महिना साधा ऑक्टोबरचा, आणि त्याला तुम्हीच हव्यात कारण मागच्या वेळी तुमचं स्लो मूव्हमेंट, म्हणजे रचनेतला संथ भाग, ऐकून लोक खुर्चीतून उठले नव्हते. मी आयुष्यभर एवढं एकच मोजत आलेय, दुसऱ्यांदा कोण बोलावतंय.

तुला मॅरियन अँडरसन स्ट्रिंग क्वार्टेट माहितेय का? नसेल तर लाज वाटू दे थोडी. 1989 मध्ये चार कृष्णवर्णीय बायकांनी सुरू केलेलं क्वार्टेट, तेव्हा नाव शॅमिनाद होतं. 1991 मध्ये त्यांनी इंटरनॅशनल क्लीव्हलँड क्वार्टेट कॉम्पिटिशन जिंकली आणि क्लासिकल म्युझिकची स्पर्धा जिंकणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन ग्रुप ठरला. 1991 म्हणतेय मी, 1931 नाही. मग त्यांनी खुद्द मॅरियन अँडरसनकडे, त्या मोठ्या कृष्णवर्णीय गायिकेकडे, तिचं नाव लावायची परवानगी मागितली, बाई तेव्हा नव्वदीच्या पुढे होत्या, त्यांनी दिली. आणि मग या बायका टेक्ससमध्ये, ब्रायन-कॉलेज स्टेशनच्या भागात पाय रोवून बसल्या, कॉन्सर्ट केले आणि तिथल्या पोरांना, मोठ्या माणसांनाही शिकवलं. मला त्यांचं बक्षीस आवडतंच, पण मी त्यांना मानते ते एकाच गावात पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी. पहिल्यांदा ऐकायला आलेला माणूस कुतूहल म्हणून येतो. त्याच गावात वर्षानुवर्षं वाजवत राहिलं की पोरं म्हणतात, मला चेलो पाहिजे.

आणि जिचं नाव घेतलं तिचं बघ. 1939 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला गाऊ दिलं नाही. हॉल डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या बायकांच्या संस्थेचा. मग 9 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली आणि ऐकायला 75,000 लोक आले. इथपर्यंत सगळे सांगतात, त्यावर चित्रं आहेत, शाळेत धडे आहेत. पुढचं सांगताना मात्र कोणी दिसत नाही मला. 1943 मध्ये त्याच संस्थेने तिला त्याच हॉलमध्ये बोलावलं, युद्धाच्या मदतनिधीसाठी, आणि ती गेली, गायली. आणि 1964 मध्ये निरोपाचा दौरा तिने सुरू केला तो तिथूनच. मी तिच्या जागी असते तर थुंकले असते त्या दारावर, खरं सांगते. ती गेली. तो हॉल काही त्यामुळे लगेच सगळ्यांचा झाला नाही, पण दुसऱ्यांदा बोलावल्यावर ती गेली.

आता तुमच्या प्रोग्रॅमबद्दल, कारण तुझ्या मेसेजमधलं सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ते होतं, ‘फ्लोरेन्स प्राइस आता सगळेच वाजवतात, आपण काहीतरी नवीन शोधू’. सगळेच? कोण सगळेच? प्राइस म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार बाई. तिची पहिली सिम्फनी शिकागो सिम्फनीने 15 जून 1933 ला वाजवली, फ्रेडरिक स्टॉक कंडक्टर, मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवलेली कृष्णवर्णीय बाईची ती पहिली सिम्फनी. त्यानंतर बाई पत्रं लिहीत बसली. बॉस्टन सिम्फनीचा कंडक्टर कूसेवित्स्की, त्याला 1943 मध्ये लिहिलं, त्यात स्वतःच सांगून टाकलं की माझ्यात दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्यात काळ्या लोकांचं रक्त आहे, आणि मग विनंती की नुसतं म्युझिक बघा. त्याने काही वाजवलं नाही. 1953 मध्ये ती गेली. 2009 मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावातलं एक पडीक घर एका जोडप्याने दुरुस्तीला काढलं तेव्हा तिथे तिच्या हस्तलिखितांचे ढीग सापडले. हे ऐकून सगळे हळहळतात, बिचारी, विस्मृतीत गेली वगैरे. विस्मृतीत कशी गेली? पहिला प्रयोग झाला होता की! टाळ्या पण पडल्या होत्या! दुसऱ्यांदा फारसा कोणी हात लावला नाही म्हणून ती पेटीत गेली. आणि तू म्हणतेस नवीन शोधू.

नवीन शोधायला सगळेच तयार असतात कारण ‘पहिल्यांदाच’ असं छापता येतं. दुसऱ्यांदा वाजवण्याची बातमी होत नाही. म्हणून तर ते तुम्ही करायचं.

प्राइसचं ए मायनर क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांसाठीची रचना, घ्या, 1935 चं. तिसरं मूव्हमेंट ज्युबा आहे, गुलामीत ड्रम हातातून काढून घेतल्यावर लोक अंगावर टाळ्या मारून जो ताल धरायचे तो. तो सोपा वाटतो आणि त्यातच सगळे फसतात, हसरा करून टाकतात. सेकंड व्हायोलिन आणि व्हायोलाने ताल घट्ट धरला नाही तर वरचे सूर नुसते उड्या मारतात. हायडन घेऊन बसतेस तेव्हा तुझ्या पार्टमध्ये आधीच्या माणसांच्या पेन्सिलच्या खुणा असतात, बोइंग, म्हणजे गज ओढायची दिशा, कुठे बदलायचं, श्वास कुठे घ्यायचा, शिवाय शंभर रेकॉर्डिंग असतात. प्राइसच्या पार्टमध्ये ते नाही. कॅटॅलिस्ट क्वार्टेटने 2022 मध्ये तिच्यावर अख्खा अल्बम केला, तो ऐक, पण त्यांचं बोइंग चोरू नका. तुमच्या खुणा तुमच्या पेन्सिलने करा, पुढची कोणीतरी ते पार्ट उघडेल. आणि शेजारी चेक संगीतकार द्वोर्झाकचं अमेरिकन क्वार्टेट ठेवा, 1893 चं, आयोवातल्या स्पिलव्हिलमध्ये लिहिलेलं. त्याने इथल्या लोकांचं गाणं ऐकलं आणि आपल्या परीने लिहिलं, त्याला सगळे डोक्यावर घेतात. तिने स्वतःच्या घरातलं लिहिलं. एकाच संध्याकाळी दोन्ही वाजवा आणि गप्प बसा, भाषण देऊ नका, लोकांना कान असतात.

पडद्याचं. पडद्याने बायकांचा फायदा झाला, ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण 1969 मध्ये आर्थर डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध तक्रार केली होती, तिचा निकाल माहितेय? त्या दोघांना डावललं हे काही न्यूयॉर्कच्या मानवी हक्क कमिशनने मान्य केलं नाही, पण बदली आणि जादा वादक घेताना मात्र भेदभाव होतो, असं 1970 मध्ये स्पष्ट म्हटलं. कारण बदली वादक फोनवर बोलावतात. ओळखीतल्याला, त्याच्या विद्यार्थ्याला, त्याच्या मित्राला. फोनला कुठला आलाय पडदा? म्हणजे बघ, परत तेच, पुन्हा कोणाला बोलावतात.

आणि एक कडवट गोष्ट, ती मी नाही सांगितली तर कोणीच सांगणार नाही. तुझं दुःख आणि तुझ्या चेलोवालीचं दुःख एक नाही. लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राजच्या पाहणीत 2014 साली कृष्णवर्णीय वादक 1.8 टक्के होते, लॅटिनो 2.5, आणि आशियाई 9 च्या आसपास. त्या आशियाईंमध्ये आपले देशी किती ते सोड, पण दार तुझ्यासाठी आधीच थोडं उघडलेलं होतं. झुबिन मेहता 1978 पासून 1991 पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे म्युझिक डायरेक्टर होते, मुंबईचा पारशी मुलगा. त्यांचे वडील मेहली फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये सेकंड व्हायोलिन वाजवायचे. आणि स्फिंक्स या संस्थेची स्पर्धा, जिच्यातून हार्लेम क्वार्टेट निघालं, ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी आहे, तुला तिथे फॉर्म भरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा रिहर्सलमध्ये ‘आपण सगळ्या सारख्याच’ असलं काही बोलू नकोस. बाकीच्या तिघी बोलतील तेव्हा ऐक.

तुला ‘काहीतरी इंडियन’ वाजवायला सांगतील, लिहून ठेव. रीना इस्माइल या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकार बाईचं ‘रागमाला’ घेतलंस तर ते नीट बसवून घे, तिचं काम शिकून केलेलं आहे. नुसती साडी नेसून मधे दोन मींडा घेणार असलीस तर मला तिकीट पाठवू नकोस.

मी का इतकी चिडलेय? सांगते. तुझ्या वयाची असताना मला पण एका फेस्टिव्हलने बोलावलं होतं, ‘जगभरातले रंग’ असलं काहीतरी नाव होतं त्या संध्याकाळचं, आणि मी ताठ मानेने कळवलं की मी व्हायोला वाजवते, रंग नाही. फार छान वाक्य होतं, मैत्रिणींनी टाळ्या दिल्या. तुझ्या आईला विचार, तिने अजून पाठ केलंय. मला आजही वाटतं की ते नाव भिकार होतं आणि मी नाही म्हटलं त्यात गैर काही नव्हतं, कोणी कितीही म्हणो. पण त्या गावात मी कधीच वाजवलं नाही. तिथल्या माणसांनी मला ऐकलंच नाही, त्यामुळे परत बोलावायचा प्रश्न कुठे येतो? वाक्य राहिलं. मग आमचं क्वार्टेट पण मोडलं, एकीला बाळ झालं, एक सिॲटलला गेली, आणि मी शिकवायला लागले, आणि शिकवते बरी, हे तू तरी नाकारू नकोस, तुझा डावा अंगठा मीच सरळ केलाय. म्हणजे माझं काही वाया गेलेलं नाही. पण ब्राह्म्सचं ए मायनर परत त्या तिघींबरोबर वाजवायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून सांगते, फेब्रुवारीचं घ्या. आणि घेतानाच विचारा, पुढच्या सीझनमधली साधी तारीख देता का. लाजू नका, ईमेलमध्ये लिहा. दिली नाही तरी त्यांना कळतं की या वाण घेऊन जाणाऱ्या नाहीत. प्राइस फेब्रुवारीत वाजवलंत तर ऑक्टोबरमध्येही तेच वाजवा, आणखी चांगलं. तो मॅनेजर म्हणेल लोकांनी ऐकलंय, तेव्हा त्याला विचार की बेथोव्हेन काय एकदाच ऐकतात का.

आणि चौघींनी बसून एकदा ठरवा किती वर्षं. तोंडी नको, कागदावर. पैसे कसे वाटायचे, कोणाला बाहेरचं काम मिळालं तर काय, रिहर्सल आठवड्यातून किती. आमचं हेच ठरलं नव्हतं. सूर लावताना चेलोपासून वर या, व्हायब्रेटो, म्हणजे सुरावरचं बोटाचं थरथरणं, बंद, सावकाश, कंटाळा येईपर्यंत. तू मधली आहेस, तुझा सूर चुकला तर वरच्या दोघींना कळणार पण नाही आपण कशाला टेकलोय.

ऑर्केस्ट्राची ऑडिशन पण दे की, कोणी अडवलंय? दोन्ही कर, सगळे करतात, भाडं कोण भरणार. फक्त त्या पडद्यामागे लपायला म्हणून जाऊ नकोस.

आईचा फोन येऊन गेला परवा. हेल्थ इन्शुरन्सचं काय, लग्नाचं काय, एमबीए का नको, नेहमीचं. तिच्याशी मी बोलते रविवारी, तू मधे पडू नकोस, आणि तोवर ज्युबाचं रेकॉर्डिंग फोनवर करून पाठव, व्हायोलाचं एकटीचं, मेट्रोनोम लावून.

तुझी मावशी