उबंटू लिनक्सच्या लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडले, एकच लागतो. विंडोज टाकू का?

थांबा हो, विंडोज टाकायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की एचडीएमआयवरचा मॉनिटर व्यवस्थित लागतो, पण यूएसबी-सी हबमधून जोडलेल्यावर 'नो सिग्नल' येतं. माझंही अगदी हेच झालं होतं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून स्वस्तातला हब आणला, रात्रभर सेटिंगा खालीवर केल्या आणि पहाटे कळलं की माझ्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतच नाही. पोर्ट नुसता डेटाचा! विंडोज असतं तरी हेच झालं असतं.

म्हणून आधी पोर्टाजवळची खूण बघा. बाणासारखी वीज म्हणजे थंडरबोल्ट. डी आणि पी एकमेकांत गुंफलेले असतील तर डिस्प्लेपोर्ट. यातली एखादी असेल तर त्या पोर्टातून चित्र बाहेर पडतं. काहीच नसेल तर मॉडेलचं मॅन्युअल उघडा. दुकानदाराला विचारू नका, तो "सगळं चालते ना भाऊ" म्हणतो.

खूण आहे तरी मॉनिटर काळाच? मग केबल लावलेली असतानाच फाइल मॅनेजरमध्ये मुळापासून सिस, त्यात क्लास, त्यात डीआरएम (/sys/class/drm) असं आत जा. प्रत्येक पोर्टाच्या नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात 'स्टेटस' नावाची छोटी फाइल. तीत 'कनेक्टेड' असेल तर लिनक्सला मॉनिटर दिसतोय. पुढचं काम डिस्प्ले सेटिंगचं. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आणि एचडीएमआय सोडून एकाही फोल्डरात 'कनेक्टेड' येत नसेल तर केबल आणि हब बदलून बघा. माझे अर्धे घोळ केबलनेच घातलेत.

पोर्टातून चित्र येतच नसेल तर डिस्प्लेलिंकचा हब हा एक मार्ग आहे. तो चित्र प्रोसेसरकडून कॉम्प्रेस करून घेऊन साध्या यूएसबीतून पाठवतो. पण त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की कधीकधी रुसतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल' निवडून इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा. बरेच जण 'कंटिन्यू' दाबून मोकळे होतात आणि मग ड्रायव्हर लोडच होत नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरलाही कधीकधी हाच पडदा येतो.

दोन्ही मॉनिटर लागले, पण एकावरची अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील, तर वेलँड (पडद्यावर चित्र दाखवायची नवी पद्धत) वापरा; नव्या उबंटूत तेच आपोआप असतं, जुन्यात लॉगिनच्या वेळी निवडता येतं. तिथे प्रत्येक पडद्याचं स्केल वेगळं ठेवता येतं. जुन्या लेखांतली एक्सरँडरची कमांड मात्र वेलँडमध्ये मांडणी बदलणार नाही, तेव्हा तिच्यामागे लागू नका.

आणि झाकण लावून फक्त बाहेरच्या पडद्यांवर काम करणार असाल, तर मे महिन्यात ते टाळा. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, आणि काही लॅपटॉप कीबोर्डमधूनच श्वास घेतात. मी झाकण उघडं ठेवून आतला पडदा सेटिंगमधून बंद करतो. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवत नाही, त्याचे तुषार उडतात.

पोर्टाजवळ कोणती खूण आहे ते आणि लॅपटॉपचं मॉडेल लिहा, मग हबचं नक्की सांगता येईल.