कोब्यावरचे एपॉक्सी सुटले. राहिलेले पैसे द्यावेत का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचे 1,800 चौरस फुटांचे शेड आहे. मी आणि माझे यजमान तिथे मसाला कांडपाचा व्यवसाय करतो. मदतीला दोन बायका आहेत. मे महिन्यात सिमेंटच्या जमिनीवर (कोब्यावर) एपॉक्सीचा, म्हणजे रंगासारखा लावून कडक होणाऱ्या रेझिनचा, थर करून घेतला. एक कोटेशन चौरस फुटाला 50 रुपयांचे होते, दुसरे 85 रुपयांचे. आम्ही 50 चे स्वीकारले. जीएसटी धरून बिल 1,06,200 रुपये झाले, पैकी 70,000 दिले. पावसाळ्यात जमिनीला जागोजागी फुगे आले आणि ऑगस्टअखेर पोपडे निघू लागले. ओल खालून येते, त्याला आम्ही जबाबदार नाही, असे बिलामागे छापलेले दाखवून पुण्याच्या त्या कंत्राटदाराने आता वकिलामार्फत 36,200 रुपये आणि त्यावर एमएसएमई कायद्याचे व्याज मागितले आहे. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. दुसरा कंत्राटदार हे सगळे खरडून आठ दिवसांत नवे करून देतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : दुसऱ्या कंत्राटदाराचे ग्राइंडिंग मशीन शेडमध्ये येऊ देण्याआधी थांबावे, ही पहिली विनंती. आपल्या दाव्याचा मुख्य पुरावा सध्या त्या जमिनीवरच आहे आणि तो एकदा घासून निघाला की काम सदोष होते हे सिद्ध करण्यासाठी आपल्याकडे केवळ छायाचित्रे आणि आपला शब्द उरेल. मात्र याचा अर्थ दिवाळी संपेपर्यंत शेड बंद ठेवावे असाही नाही, कारण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली नुकसानभरपाई ठरवताना नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग आपल्यापुढे उपलब्ध होते हेही पाहिले जाते. शिवाय मसाल्यात रंगाचा पोपडा जाण्याची शक्यता असलेल्या जागी उत्पादन चालू ठेवणे अन्नसुरक्षेच्या परवान्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

म्हणून कंत्राटदाराला आठ-दहा दिवसांची मुदत देऊन, ठरावीक तारखेला आणि वेळेला संयुक्त पाहणीसाठी हजर राहण्याचे पत्र पोचपावतीच्या टपालाने, ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवावे. तो आला नाही तरी त्या दिवशी दोन त्रयस्थ पंच आणि एक स्वतंत्र स्थापत्य अभियंता यांच्यासमक्ष पंचनामा करावा. त्यात फुगे आणि पोपडे कोठे आहेत याचा मोजमापासह नकाशा असावा, आणि पोपडे उलटे करून पाहून त्याची नोंद व्हावी. पोपड्याच्या पाठीला सिमेंटचा पांढुरका थर चिकटून आला असेल, तर कोब्याचा वरचा कच्चा थर न घासता त्यावर प्रायमर (एपॉक्सीखालचा पहिला, पकड देणारा थर) मारला गेला असण्याची दाट शक्यता असते. पाठ स्वच्छ आणि ओलसर असेल, तर ओलीचे कारण बळावते. ज्या ठिकाणी एपॉक्सी निघून कोबा उघडा पडला आहे, तिथे दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवावा आणि सकाळी त्याखाली थेंब साचले का, हे पंचांसमक्ष पाहावे. ही चाचणी साधी आहे, खर्च जवळपास नाही, आणि कंत्राटदाराने ती मे महिन्यात का केली नाही हा प्रश्न त्यानंतर त्याला विचारता येतो. पाहणी झाल्यावर दोन-तीन ठिकाणी चार-चार फुटांचे जुने तुकडे तसेच राखून बाकीचे काम सुरू करण्यास हरकत नाही. प्रायमरचे रिकामे डबे भंगारात गेले नसतील तर त्यांवरील बॅच क्रमांकांची छायाचित्रे काढून डबेही जपून ठेवावेत.

आता बिलामागच्या ओळीविषयी. काम ठरले ते कोटेशनवर. आपण ते स्वीकारले, आगाऊ रक्कम दिली आणि तिथे करार पूर्ण झाला. त्या कोटेशनमध्ये ओलीबद्दल एक अक्षर नाही. ‘एक वर्ष गॅरंटी’ मात्र स्पष्ट लिहिलेली आहे. काम संपल्यावर आलेल्या बिलाच्या पाठीवर एकतर्फी छापलेली अट, आपण ती मान्य केल्याचे अन्य काही दिसत नसल्यास, आधीच झालेल्या कराराचा भाग होत नाही. खालून ओल चढते हे खरे असले तरी त्याने कंत्राटदार आपोआप सुटत नाही, कारण जमीन सीलबंद करण्याचा धंदा करणाऱ्याने ती आधी तपासणे आणि ओल आढळल्यास गिऱ्हाइकाला तसे सांगणे हाच त्याच्या कामाचा गाभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवण्यापर्यंत पोचते. आपली कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. 85 रुपयांच्या कोटेशनमध्ये ‘ओलावा तपासणी व मॉइश्चर बॅरियर प्रायमर’ (म्हणजे ओल अडवणारा प्रायमर) असे लिहिले आहे. तेव्हा ‘यांना ओलीची कल्पना होती, तरी स्वस्तात काम उरकायला सांगितले’ असा बचाव येणार हे गृहीत धरावे. ते कोटेशन आपण या कंत्राटदाराला दाखवले होते का, आणि दाखवल्यावर तो काय म्हणाला, हे आठवून आजच तारखेसह लिहून ठेवावे. स्वस्त दर स्वीकारणे म्हणजे सुटणाऱ्या कामाला संमती देणे नव्हे. पण लेखी सल्ला मिळूनही आपण तो नाकारला असता तर मी हे उत्तर वेगळे लिहिले असते.

व्याजाच्या मागणीने घाबरून जाऊ नये. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 (नोटिशीतला एमएसएमई कायदा तो हाच) याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते, हे खरे आहे. पण ती मुदत ‘स्वीकृतीच्या दिवसा’पासून मोजली जाते, आणि काम झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली असेल तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. आपण पाठवलेल्या कागदपत्रांच्या ढिगात मला सर्वांत मोलाचे वाटले ते व्हॉट्सॲपवरचे एक चित्र. काम 14 मे रोजी संपले. 24 मे रोजी आपण धुण्याच्या मोरीजवळच्या दोन फुग्यांचा फोटो पाठवून ‘इथं फुगे आलेत, बघून जावा’ असे लिहिले, आणि त्याने ‘नवीन आहे, बसंल हळूहळू’ असे उत्तर दिले. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 4 मुळे असा संदेश लेखी मानला जाऊ शकतो, आणि तो दहाव्या दिवशीचा आहे. फुगे अद्याप बसलेले नाहीत, म्हणजे हरकत दूर झालेली नाही. तो फोन बदलू नये, संभाषण पुसू नये. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागेल. कंत्राटदार याच कायद्याखालच्या, थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे गेलाच, तर आपल्याला तिथे प्रतिदावाही करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे.

दाद कुठे मागावी? व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली सेवा त्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात, स्वतः यंत्र चालवणाऱ्याने एक-दोन मदतनीस घेतले म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही, असे सांगितले आहे. यजमान कांडप यंत्रावर आणि आपण भाजणीच्या कढईवर, असे आपले चित्र त्यात बसते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहावे, कारण समोरून पहिला हल्ला इथेच होतो. कंत्राटदार पुण्याचा असला तरी आपण जिथे राहता किंवा व्यवसाय करता तेथील, म्हणजे सांगलीच्या, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दिलेले 70,000 रुपये, जुने थर काढण्याचा खर्च आणि तितक्याच दर्जाचे काम पुन्हा करण्यासाठी लागणारा जादा खर्च एवढे मागावे. तितक्याच दर्जाच्या कामासाठी लागला असता त्याहून अधिक खर्च सरसकट कंत्राटदाराच्या माथी मारता येणार नाही. 36,200 रुपये तूर्त देऊ नयेत, पण ‘देणारच नाही’ असेही लिहू नये. दोष दूर होईपर्यंत रक्कम रोखली आहे आणि ती भरपाईत वळती करण्याचा हक्क राखून ठेवला आहे, असे लिहावे.

दुसऱ्या कंत्राटदाराची निवड हा खरे तर आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते त्याची पारख दराआधी कोटेशनच्या कागदावर करावी. ‘एपॉक्सी, बेस्ट क्वालिटी’ एवढेच लिहिणाऱ्याने पुढे काहीही लावले तरी करार मोडला असे म्हणता येत नाही. जमीन घासणार की नुसती ॲसिडने धुणार, प्रायमर कोणता, थर किती आणि सुकल्यावर जाडी किती मायक्रॉन, ओलावा कसा व कधी तपासणार आणि त्या निकालावर दोघांच्या सह्या होणार का, हे त्याला लिहायला सांगावे. यावर ‘एवढं कोण लिहितंय, विश्वास ठेवा’ असे उत्तर आले, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. गॅरंटी लावणाऱ्याची आहे की फक्त माल बनवणाऱ्या कंपनीची, हे वेगळे विचारावे, कारण कंपनीची हमी बहुधा डब्यातल्या मालापुरती असते आणि आपले दुखणे बहुतेक लावण्यात असते. दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी; हिवाळ्यात कोरडी निघालेली जमीन जुलैत कोरडी राहीलच असे नसते. लवादाचे कलम असल्यास लवादाचे ठिकाण सांगली आहे ना, तेवढे पाहावे.

नोटिशीला दिलेली पंधरा दिवसांची मुदत येत्या शुक्रवारी संपते. त्याआधी जाणाऱ्या उत्तरात 24 मेचा संदेश शब्दशः उतरवावा, संयुक्त पाहणीची तारीख त्यातच कळवावी आणि कोटेशनची प्रत सोबत जोडावी; मूळ कोटेशन मात्र कोणालाही देऊ नये.