चांदी काळी पडली म्हणजे ती खोटी असते का?

तुम्ही लिहिलंय की लग्नातले पैंजण आणि देव्हाऱ्यातले टाक दोन्ही काळे पडलेत, म्हणून सराफानं फसवलं असं घरचे म्हणतात. तेवढ्यावरून तसं ठरवू नका. शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. रबरबँडमध्येही गंधक असतं, त्यामुळे पैंजण रबर गुंडाळून कधीच ठेवू नयेत.

मी हुपरीचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. आमच्या गावात पैंजण घडवणं हाच मोठा धंदा, त्यामुळे टंच हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. टंच म्हणजे शंभरात चांदी किती. निव्वळ चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात तांबं घालतात. 925 शिक्क्याच्या दागिन्यात हजारात 925 भाग चांदी असते. पैंजणात कड्या आणि घुंगरं जोडायला जागोजागी डाग द्यावा लागतो, म्हणजे कमी चांदीचा मिश्रधातू वितळवून सांधावं लागतं, त्यानं टंच आणखी उतरतो. ही फसवणूक नव्हे, पण कमी टंचाचा माल जास्त टंचाच्या भावानं विकला तर ती नक्कीच फसवणूक. म्हणून बिलावर टंच लिहून घ्याच. पुढे दागिना मोडीत घालताना पैसे त्यावरच ठरतात. चांदीला हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का, अजून सक्तीचा नाही, तरी मी तो असलेलाच दागिना घ्यायला सांगेन. सप्टेंबर 2025पासून हॉलमार्कच्या चांदीवर सहा अक्षर-अंकी क्रमांकही येतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तुमच्या जुन्या पैंजणांवर शिक्का नसेल, तर सराफाकडून टंच काढून घ्या, शंका मिटेल.

आता साफ करण्याचं. टूथपेस्ट नको, तिनं चांदी घासली जाते. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, गरम पाणी आणि खायचा सोडा घाला आणि पैंजण फॉइलला टेकतील असे ठेवा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि काळ्या थरातली चांदी चांदीतच परत येते, वजन घटत नाही. खडे किंवा मीनाकाम असेल, किंवा दागिना मुद्दाम काळपट केलेला असेल, तर हे करू नका.

टाकही असे बुडवू नका. चांदीच्या पत्र्यामागे बहुधा तांब्याचा पत्रा असतो, मध्ये पाणी शिरलं की ते निघत नाही. टाक मऊ कोरड्या कापडानं पुसा, फारच काळे असतील तर सराफाकडून उजळून घ्या.