दुकानाची पायरी फुटपाथवर, परवाना मिळतो का?

प्रश्न: दादरला छोटं दुकान आहे, पायरी थोडी फुटपाथवर आलीये आणि वर पावसाळी पत्राही काढलाय. दोन्हीचं लायसन्स निघेल का?

उत्तर: दोन्ही एकाच मापात मोजू नका. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यात वरून पुढे येणाऱ्या छज्जा-बाल्कनीसारख्या भागाला कलम 310खाली आयुक्त लेखी परवानगी देऊ शकतात, म्हणून पत्र्यासाठी वॉर्ड ऑफिसात रीतसर अर्ज करा. पायरीचं मात्र अवघड आहे, कारण रस्त्यावर अडथळा होईल असं बांधकाम 312 ला चालतच नाही आणि 314खाली ते नोटीस न देताही तोडता येतं (सगळेच करतात हो, पण तो काही परवाना नाही!). पायरी आत घ्या, आणि माल बाहेर मांडत असाल तर विनापरवानगी रस्त्यावर वस्तू ठेवायला मनाई करणारं कलम 313 आहेच.