प्रसूतीनंतर वारेच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : आपल्याला सातवा महिना सुरू आहे, एका मैत्रिणीने बाळंतपणानंतर स्वतःच्या वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, कॅप्सूल करून घेतल्या, त्यांमुळे प्रसूतीनंतरचे नैराश्य टळते, अंगावरचे दूध वाढते आणि गेलेले रक्त भरून येते असे तिला सांगण्यात आले, आपल्याला काही वर्षांपूर्वी नैराश्याचा त्रास झालेला आहे, तेव्हा आपणही हा उपाय करावा का, आणि त्यातून बाळाला काही धोका संभवतो का. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि प्रसूतीनंतर तपासणीसाठी पाठवलेल्या वारा पाहणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगते : या कॅप्सूल आपण घेऊ नयेत. नैराश्याचा पूर्वेतिहास असल्यामुळे आपण त्यांच्याकडे वळणे स्वाभाविक आहे, पण नेमक्या त्याच कारणासाठी त्यांच्यावर विसंबणे आपल्याला सर्वांत महागात पडू शकते.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची असते. प्रसूतीनंतर ती धुऊन तिच्यातले रक्त काढले जाते, काही ठिकाणी ती आधी वाफवली जाते, मग पातळ काप करून मंद उष्णतेवर वाळवली जाते आणि तिची पूड कॅप्सूलमध्ये भरली जाते. एका वारेपासून शंभराहून अधिक कॅप्सूल होतात. औषधाच्या गोळीत घटक किती आहे हे ठरलेले आणि तपासलेले असते. येथे प्रत्येक वार वेगळी, वाळवण्याची पद्धत वेगळी आणि कॅप्सूलमध्ये नेमके काय व किती उतरले हे कोणीही मोजलेले नसते.

बहुतेक सस्तन प्राणी वार खातात, मग माणसाने का खाऊ नये, हा युक्तिवाद आपल्या कानावर आला असेलच. उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भजल आणि ताजी वार पोटात गेल्याने मादीच्या शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक यंत्रणेला बळ मिळते असे दिसले आहे. मात्र हे बळ देणारा वारेतील घटक उष्णतेने निकामी होतो, आणि त्याचा उपयोग प्रसूतीच्या आसपासच्या काही तासांपुरता असतो. तीन दिवसांनी हाती येणाऱ्या वाळवलेल्या पुडीशी त्याचा संबंध जोडता येत नाही. हा मातांचा प्राचीन रिवाज होता असेही सांगितले जाते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानववंशशास्त्रज्ञांनी 179 मानवी समाजांच्या नोंदी चाळल्या, आणि आईने स्वतःची वार खाण्याची रूढ परंपरा त्यांना त्यांपैकी एकातही आढळली नाही. पारंपरिक चिनी औषधशास्त्रात वाळवलेली वार वापरली जाते हे खरे आहे, परंतु ती वेगवेगळ्या तक्रारींवरचे औषध म्हणून. बाळंतिणीने आपलीच वार खावी अशा रिवाजातून तो वापर आलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे मनःस्थितीकडे येते. 2013 मध्ये वार सेवन केलेल्या 189 महिलांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींनी आपला अनुभव चांगला असल्याचे सांगितले. त्या खोटे बोलत होत्या असे मी मुळीच मानत नाही. त्यांना बरे वाटलेच असेल. प्रश्न एवढाच आहे की ते कशामुळे वाटले. प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे, मन हळवे होणे असा त्रास होतो आणि साधारण दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास उतरते. पहिल्या काही दिवसांचा गाढ थकवाही हळूहळू कमी होतो. कॅप्सूल तयार होऊन हाती येतात त्या नेमक्या याच सुमारास, म्हणजे शरीर स्वतःच्या क्रमाने सावरू लागलेले असते तेव्हा. त्या दिवसांत जे काही घेतले जाईल त्याच्या पदरात सुधारणेचे श्रेय पडणारच, आणि ज्या उपायासाठी पैसे मोजले, ज्यावर आशा ठेवली, त्याच्या पदरात तर अधिकच.

हा गुंता सोडवायचा तर काही स्त्रियांना खऱ्या आणि काहींना दिसायला तशाच पण वार नसलेल्या कॅप्सूल देऊन, कोणाला काय मिळाले हे त्यांना न कळू देता तुलना करावी लागते. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस येथील संशोधकांनी तसा छोटा प्रयोग केला. त्यात 27 स्त्रिया होत्या. बारा जणींना वारेच्या आणि पंधरा जणींना वाळवलेल्या मांसाच्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मनःस्थिती, थकवा आणि बाळाशी जुळणारे नाते यांत दोन्ही गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. 27 ही संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून अखेरचा शब्द उच्चारता येत नाही, हे मान्य. पण ज्या उपायाचा इतका मोठा परिणाम सांगितला जातो, त्याची एवढीशी खूणही तुलनेत उमटू नये, याला माझ्या दृष्टीने महत्त्व आहे. हेच संशोधक या विषयाकडे कुतूहलाने आणि पूर्वग्रहाशिवाय पाहत आले आहेत, म्हणूनही त्यांच्या निष्कर्षाचे वजन मला अधिक वाटते.

यामागची मूळ कल्पना मात्र अगदीच निराधार नाही, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. गरोदरपणात वार प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, मोठ्या प्रमाणात तयार करते. प्रोजेस्टेरॉनपासून होणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य मेंदूला शांत ठेवणारे आहे. वार बाहेर पडताच या सगळ्यांची पातळी झपाट्याने कोसळते आणि काही स्त्रियांच्या बाबतीत नैराश्याशी या उताराचा संबंध असावा असे मानले जाते. याच दिशेने काम होऊन 2019 मध्ये ब्रेक्सॅनोलोन आणि 2023 मध्ये झुरॅनोलोन या औषधांना अमेरिकेत प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली. त्यांपैकी पहिले अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच असून ते रुग्णालयात देखरेखीखाली साठ तास शिरेतून द्यावे लागत असे. निश्चित मात्रा, डॉक्टरांची देखरेख आणि चाचण्यांनी सिद्ध झालेला परिणाम, असे हे उपचार. वारेच्या पुडीत वाफवणे आणि वाळवणे यांमुळे संप्रेरके बरीच घटतात, प्रथिनरूप संप्रेरके जठरात पचून जातात, आणि उरलेल्यांतला बराच भाग यकृतात बदलून जातो. अर्थात सगळेच नाहीसे होते असेही नाही. कॅप्सूल घेणाऱ्या आईच्या अंगावर पिणाऱ्या तीन महिन्यांच्या एका मुलीला स्तनांची वाढ आणि योनीतून रक्तस्राव होऊ लागल्याची, आणि आईने कॅप्सूल थांबवल्यावर ते थांबल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अशा एका घटनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही; पण किती संप्रेरक शिल्लक आहे हे माहीत नसलेली वस्तू स्तनदा मातेने रोज घ्यावी का, हा प्रश्न तिच्यामुळे निश्चित उभा राहतो.

दुधाविषयीचा दावा तर शरीरक्रियेच्या उलट जातो. वार सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरते आणि त्या उतारामुळेच दूध भरपूर येऊ लागते. वारेचा तुकडा गर्भाशयात राहून गेला तर दूध येण्यास विलंब होतो, हे प्रसूतिविभागात काम करणाऱ्या सर्वांना ठाऊक असते. 1954 साली वाळवलेल्या वारेने दूध वाढल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा दाखला आजही दिला जातो, परंतु त्याची रचना आजच्या निकषांना उतरणारी नाही. वर सांगितलेल्या लास व्हेगसच्या प्रयोगात दूधनिर्मितीचे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि बाळाचे वाढते वजन हेही पाहिले गेले, आणि त्यांतही दोन गटांत फरक आढळला नाही.

लोहाचा हिशेब सोपा आहे. कॅप्सूलची दिवसाची पूर्ण मात्रा घेतली तरी स्तनदा मातेच्या दैनंदिन गरजेच्या सुमारे 24 टक्के, म्हणजे दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. डॉक्टर लिहून देतात त्या गोळीत ते सहसा 30 ते 60 मिलिग्रॅम असते. प्रसूतीत रक्त बरेच गेले असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि गोळी घ्यावी.

आता बाळाच्या धोक्याविषयी. 2016 मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात एका नवजात बाळाच्या रक्तात जन्मानंतर लगेचच गट बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू सापडला. अकरा दिवस प्रतिजैविके देऊन त्याला घरी पाठवले गेले, आणि पाचच दिवसांनी त्याच जंतूसाठी पुन्हा दाखल करावे लागले. आई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून वारेच्या कॅप्सूल, दिवसातून तीनदा दोन-दोन, घेत होती. कॅप्सूल तपासल्या तेव्हा त्यांत जिवंत जंतू मिळाले आणि ते बाळाच्या रक्तातील जंतूंशी जुळले. गरोदरपणाच्या 37 व्या आठवड्यात या जंतूसाठी केलेली आईची तपासणी निर्दोष होती आणि तिच्या दुधातही जंतू सापडले नव्हते. कॅप्सूलमुळे आईच्या आतड्यात व त्वचेवर जंतूंची संख्या वाढून ते बाळापर्यंत पोहोचले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. घरातल्या अन्य व्यक्तीकडून संसर्ग झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता आली नाही, हेही अहवालात नमूद आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2017 मध्ये ही घटना प्रसिद्ध केली आणि वारेच्या कॅप्सूल टाळाव्यात असे सुचवले. ती वार 46 ते 71 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाळवली जात होती. त्याच अहवालात तुलनेसाठी सांगितले आहे की अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला हा जंतू पुरेसा नष्ट करण्यासाठी 54 अंशांवर तब्बल 121 मिनिटे उष्णता द्यावी लागते. केवळ वाळवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे.

दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. अमेरिकेत घरी किंवा प्रसूतिकेंद्रात बाळंतपण करण्याचे ठरवलेल्या स्त्रियांच्या 23,242 प्रसूतींची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जवळपास 31 टक्के स्त्रियांनी वार सेवन केली होती आणि त्यांच्या बाळांमध्ये अधिक गुंतागुंत आढळली नाही. म्हणजे ओरेगनसारखी घटना वारंवार घडते असे समजू नका. पण फायदा न दिसलेल्या उपायासाठी विरळ धोकादेखील का पत्करावा, हा माझा प्रश्न त्यामुळे मागे पडत नाही.

माझ्या कामातून दिसणारी एक गोष्ट या चर्चेत फारशी येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वार म्हणजे त्या गरोदरपणाची लेखी नोंदच असते. तिच्या पडद्यांत दाह असेल तर प्रसूतीपूर्वी जंतुसंसर्ग झाला होता हे कळते. तिच्यात रक्तपुरवठा बंद पडून मृत झालेले भाग असतील तर बाळ का वाढले नाही याचा उलगडा होतो. काही आढळ असे असतात की ते पुढच्या गरोदरपणातही पुन्हा उद्भवू शकतात आणि आधी माहीत असतील तर काळजी घेता येते. अकाली प्रसूती, आईला ताप, बाळाचे कमी वजन, जन्मतः बाळ गंभीर असणे अशा प्रसंगी वार तपासणीला पाठवली जाते. तिची पूड झाली की ही माहिती कायमची गेली, कारण दुसरी वार मिळत नाही. आणि संसर्गाची शंका असलेली वार, जी खाणे सर्वांत धोक्याचे, ती बाहेरून पुष्कळदा अगदी निरोगी दिसते. दाह सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. तपासणीसाठी फॉर्मेलिन या रासायनिक द्रवात ठेवलेली वार तर विषारी झालेली असते. ती परत मिळाली तरी कोणत्याही स्वरूपात पोटात जाता कामा नये.

आपल्यासाठी खरी तयारी वेगळी आहे. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतर ते पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून आपला पूर्वेतिहास प्रसूतीतज्ज्ञांना आताच, प्रसूतीपूर्वी सांगा आणि शक्य असल्यास मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटून ठेवा. औषध चालू असेल तर कॅप्सूलच्या भरवशावर ते बंद करू नका. स्तनपान देताना घेता येतील अशी नैराश्यरोधक औषधे आहेत, आणि समुपदेशनाचा उपयोगही चांगला सिद्ध झालेला आहे. एडिनबरा प्रश्नावली ही दहा प्रश्नांची साधी चाचणी प्रसूतीनंतरच्या भेटीत करून घ्या. रात्री सलग काही तास झोप मिळावी यासाठी बाळाला कोण सांभाळील, हे घरात आधीच ठरवा. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप येईनाशी झाली, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर वाट पाहू नका. शेवटच्या लक्षणासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि ही लक्षणे आपल्या पतीला किंवा सोबत राहणाऱ्या व्यक्तीला आताच सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेत स्वतःचे स्वतःला ओळखता येईलच असे नाही.

एवढे वाचूनही आपला निर्णय कॅप्सूल घेण्याचा झाला, तर प्रसूतीच्या वेळी ताप, गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त गर्भजल, अथवा गट बी स्ट्रेप्टोकॉकसची सकारात्मक तपासणी यांपैकी काहीही असल्यास तो बेत सोडून द्या. एकाच साधनांवर अनेकींच्या वारा हाताळल्या जात असतील तर रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा धोकाही असतो, हे लक्षात घ्या. आपल्या प्रसूतीतज्ज्ञांपासून आणि बाळाच्या डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नका. बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, मलूल किंवा फार चिडचिडे झाले, तर ताबडतोब रुग्णालयात जा, आपण कॅप्सूल घेत असल्याचे पहिल्याच भेटीत सांगा, त्या घेणे थांबवा आणि उरलेल्या फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्या.