बेघर माजी सैनिकांसाठी घर चालवायला अमेरिकेत सरकारी अनुदान कसं मिळतं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीतली काही मराठी मंडळी बेघर माजी सैनिकांसाठी वीस खाटांचं घर सुरू करायचा विचार करतोय. सरकारी अनुदान किती मिळतं, अर्ज कसा करायचा आणि इमारतीवर मंडळाचं नाव लावता येईल का?

उत्तर:

"वीस खाटांचं" हे शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. ओहायोत अशाच एका बावीस खाटांच्या घराचे हिशेब मी सात वर्षं सांभाळले आहेत. माझं माहेर साताऱ्याकडचं, वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता नोकरीचा कधीच नव्हता.

आधी पैशांचं सांगते. इथलं माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, 'ग्रँट अँड पर डिएम' नावाची योजना चालवतं. कायदा 1992चा. सगळे तिला जीपीडी म्हणतात. त्यातली ग्रँट इमारतीसाठी असते. घेणं, बांधणं किंवा दुरुस्ती यांच्या खर्चाच्या 65 टक्क्यांपर्यंत सरकार देतं, उरलेले 35 टक्के तुम्ही उभे करायचे. ही ग्रँट दरवर्षी निघत नाही. आणि एकदा घेतली की रकमेप्रमाणे 7 ते 20 वर्षं ते घर त्याच कामासाठी चालवावं लागतं, मध्येच बंद केलंत तर पैसे परत मागतात. दुसरा भाग पर डिएम, म्हणजे रोजाचे पैसे. माजी सैनिक तुमच्याकडे राहिला, तर त्या दिवसाचे मिळतात. खाट रिकामी, तर काही नाही. तेही तुमच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त कधीच नाहीत. दुसरीकडून काही मदत येत असेल तर ती आधी वजा होते.

संस्थेची 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेची नोंदणी, सॅम या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावरचा यूईआय हा ओळख क्रमांक, अर्जाची जाहिरात कुठे येते, हे तुम्ही बघितलं असेलच. त्यात शिरत नाही.

आमच्या घराचा दर 2014 साली त्रेचाळीस डॉलरच्या आसपास होता. म्हणजे एक खाट महिनाभर रिकामी राहिली की साधारण तेराशे डॉलर बुडायचे. रात्रपाळीच्या माणसाचा पगार मात्र तेवढाच, बॉयलरचं बिल तेवढंच. आणि पैसे मागाहून यायचे. महिना संपला की बिल पाठवायचं आणि वाट बघायची. दोन पगारांमधली ती वाट मी बघितलेली आहे.

बिलाचा आधार म्हणजे रात्रीचा हजेरीचा कागद. दहा वाजता रात्रपाळीचा माणूस क्लिपबोर्ड घेऊन मजल्यावरून फिरायचा, प्रत्येक खाटेसमोर सही घ्यायचा. महिनाअखेरीस त्या सह्या मी एकेक करून बिलाशी ताडून बघायची. सणासुदीला माणूस कमी पडला की मीच क्लिपबोर्ड घेऊन फिरायची.

चौदा नंबरच्या खाटेवर एक साठी ओलांडलेला माणूस होता. व्हिएतनामच्या काळात आरमारात आचारी होता, तिथल्या भाषेत कमिसरीमन, म्हणून घरात सगळे त्याला कुक म्हणायचे. लष्करातून सुटल्याचा कागद, इथे त्याला डीडी-214 म्हणतात, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. आंघोळीला जाताना पिशवी माझ्या टेबलावर ठेवून जायचा आणि परत आल्यावर आधी ती मागून घ्यायचा. आठ महिने आमच्याकडे होता, सात महिने प्यायला नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्याला हड-व्हॅशचं व्हाउचर मिळालं. ही योजना वेगळी. भाडेकरूनं आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भरायचे, उरलेलं भाडं सरकारी गृहनिर्माण खात्याकडून घरमालकाला जातं, आणि व्हीएचा समाजसेवक त्याच्या पाठीशी असतो. घर शोधायला मुदत असते, त्याची 120 दिवसांची होती. कुकनं तीन आठवड्यांत घर शोधलं. खालचा मजला, बसथांबा समोर, गॅसची शेगडी. विजेची शेगडी त्याला चालत नव्हती.

आता फक्त डिपॉझिटचा अर्ज दुसऱ्या एका संस्थेकडे जायचा होता. एसएसव्हीएफ नावाच्या योजनेतून असं डिपॉझिट भरता येतं. आमच्याकडून एक पानाचा फॉर्म आणि एक सही, एवढंच काम. तो फॉर्म पाच आठवडे टेबलावर पडून राहिला.

विसरून राहिला नाही. नोव्हेंबरच्या हिशेब समितीच्या बैठकीत मी टिपणं घेत होते. तेव्हा आमच्या अठरा खाटा भरलेल्या होत्या. खजिनदार म्हणाले, "जानेवारीपर्यंत अठराच्या खाली आलो तर पगार निघणार नाहीत. त्याला काय घाई आहे? इथे ऊब आहे, जेवण आहे." मी म्हटलं, त्याचं घर तयार आहे, त्याला जाऊ द्या. त्यावर ते म्हणाले, "आणि हे घर बंद पडलं तर बाकीचे सतराजण कुठे जातील?" मला उत्तर सुचलं नाही. मी टिपण लिहीत राहिले. घरमालकानं डिसेंबरमध्ये ते घर दुसऱ्याला दिलं.

जानेवारीत एका रात्री क्लिपबोर्ड माझ्याच हातात होता आणि चौदा नंबरची खाट रिकामी होती. ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं, उशीखाली काही नाही, पिशवी गेलेली. नऊ दिवसांनी तो परत आला, पायाची बोटं सुजलेली, तोंडाला वास. कुणाला काही बोलला नाही. आचारीखान्यात जाऊन भांडी घासायला लागला. ठरावीक तासांपुढची गैरहजेरी बिलात धरता येत नाही, म्हणजे ज्या पैशांसाठी त्याला अडवून ठेवला तेही हाताला लागले नाहीत. व्हाउचरची मुदत आम्ही विनंती करून वाढवून घेतली. एप्रिलमध्ये दुसरं घर मिळालं. तिथे विजेची शेगडी होती.

पुढच्या उन्हाळ्यात आई-दादा इथे आले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मी त्यांना ते घर दाखवायला नेलं. सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "रिटायर जवान रस्त्यावर कसा येतो गं? पेन्शन कुठं गेली?" मी सांगितलं, इथे पेन्शनला वीस वर्षं नोकरी लागते आणि बहुतेक पोरं चार-पाच वर्षांतच बाहेर पडतात. मग भिंतीवरचा क्लिपबोर्ड बघून म्हणाले, "ही तर गिनती." त्यांच्या पलटणीत रात्रीच्या हजेरीला गिनतीच म्हणायचे. मी त्यांना कुकची सगळी हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्यातबी गिनतीवरच रेशन निघायचं. पण रेशन कमी पडंल म्हणून सुट्टीवर निघालेल्या जवानाला कुणी धरून ठेवल्याचं मी ऐकलं न्हाई."

नोव्हेंबरच्या बैठकीत हे उत्तर मला द्यायचं होतं. तेव्हा दिलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत: खाटांच्या घरापासून सुरुवात करू नका. खाटेवर पैसे मिळणार असतील तर तुमच्यातला सगळ्यात भला माणूससुद्धा दुसऱ्या हिवाळ्यात खाटा मोजायला लागतो. जानेवारी 2010मध्ये एका रात्रीच्या मोजणीत देशभरात 74 हजारांवर माजी सैनिक बेघर सापडले होते, जानेवारी 2024च्या मोजणीत 32,882. हा आकडा उतरला त्यात माझ्या मते मोठा वाटा व्हाउचरचा आणि डिपॉझिट-भाड्याच्या मदतीचा आहे, माणूस स्वतःच्या दारात जाण्याचा आहे. खाटा वाढवून तो उतरला नाही.

तरीही घरच काढायचं असेल, तर अर्जाच्या आधी संस्थेच्या नियमावलीत एक वाक्य घाला: घर मिळालेल्या माणसाचे कागद तीन दिवसांत पुढे जातील, खाटा कितीही रिकाम्या असोत. खजिनदाराची त्यावर पहिल्या दिवशी सही घ्या. तो सही करायला कां-कूं करत असेल तर दुसरा शोधा, कितीही जवळचा असो. आणि तीन महिन्यांचा पूर्ण खर्च बँकेत असल्याशिवाय पहिला माणूस आत घेऊ नका. आमच्याकडे ती गंगाजळी असती तर तो फॉर्म टेबलावर पडून राहिला नसता.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ते खजिनदार एक पैसा न घेता अकरा वर्षं काम करत होते आणि दोनदा स्वतःच्या सहीवर कर्ज काढून त्यांनी आमचे पगार केले होते. माझाही पगार त्यात होता. तरी त्या नोव्हेंबरबद्दल माझं मत बदललेलं नाही.

आणि हे सगळं 2014-15चं. 2017मध्ये व्हीएनं योजनेची मांडणी बदलली. त्यात एक प्रकार असा आहे की माणूस ज्या घरात राहतोय तेच पुढे त्याच्या नावावर भाड्यानं होतं, आणि बाहेर पडते ती माणसाऐवजी संस्था. तुम्हाला काही करायचंच असेल तर हा प्रकार आधी बघा. स्वतःच्या घरात गेलेल्या माणसाकडे पुढे काही महिने लक्ष ठेवायलाही वेगळी ग्रँट निघाली. रोजाच्या दराची कमाल मर्यादा जानेवारी 2025च्या कायद्यानं 115 टक्क्यांवरून 133 टक्क्यांवर नेली. हे टक्के राज्यांच्या सैनिकगृहांना मिळणाऱ्या दराचे. मी आता दुसऱ्या संस्थेत आहे, तिथे खाटा नाहीत, आम्ही डिपॉझिट आणि भाडंच भरतो. माझा कल तिकडे आहे हे लक्षात घेऊन वाचा.

मंडळ म्हणून उद्यापासून करता येईल असं काम हवं असेल तर जवळच्या व्हीए रुग्णालयात जाऊन बेघरांचा विभाग शोधा. तिथे जीपीडीचं काम बघणारा माणूस असतो. त्याला विचारा, या महिन्यात किती जण घरात जातायत आणि त्यांना काय कमी पडतंय. गादी, पातेली, पडदे, पहिल्या आठवड्याचा किराणा, असलं काहीतरी सांगेल. अनुदानात यातलं सगळं बसत नाही. वीस घरांना ते पुरवायला एका गणेशोत्सवाची वर्गणी पुष्कळ झाली.

इमारतीवर मंडळाचं नाव लावता येतं, कुणी अडवत नाही. माझ्याकडे कुकच्या घराच्या पत्रपेटीचा एक फोटो आहे. काळ्या मार्करनं त्यानं त्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलंय, आणि खाली जरा लहान अक्षरांत: कमिसरीमन, थर्ड क्लास.